सव्वा रुपयाची चांदी

तुळशीरामच्या कटलरीच्या दुकानातली ती बाटली भामाने तीन बाजारांना नुसती बघितली आणि चौथ्या बाजाराला हातात घेतली. बाटली ती केवढी, अंगठ्याएवढी. आतला रंग मात्र ताज्या पापलेटाच्या पोटासारखा. उजेडाकडे धरली की आतल्या आत हलायचा.

"नखांना लावायचा आहे तो, बाई," तुळशीराम गल्ल्यावरून म्हणाला. "डोळ्यांत घालायचा नाही."

"ठावं हाय. किती?"

"सव्वा रुपया."

"एवढ्याशा पाण्याला?"

"पाणी कसलं? मुंबईचा माल आहे. लाल-गुलाबी काय, कुठेही मिळतो. हा चंदेरी नवा निघालाय. डॉक्टरीणबाईंनी नेला, मामलेदारांच्या सुनेनं नेला."

"मंग हिच्या डोक्यावर एवढी धूळ कशी साचली?"

तुळशीरामने फडकं घेतलं आणि बाटलीचं डोकं पुसलं. "लाल घ्या मग. बारा आण्यांत देतो." नवे पैसे येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण बाजार अजून आण्यांनीच बोलत होता.

लाल भामाला नको होता. त्याचा विचार तिने तिन्ही बाजारांना येता-जाता केला होता. लाल रंग लांबून हाक मारतो. शिवाय मिठाने फुटलेल्या नखाला लाल लावला तर तो भेगेत उतरणार आणि बोट ठेचल्यासारखं दिसणार. चंदेरी रंग मिठाच्याच जातीचा. तो फुटक्या नखावर बसला तर नख फुटलंय की चकाकतंय, हे सांगणार कोण?

सव्वा रुपया म्हणजे एक दिवस. उजाडल्यापासून दिवस कलेपर्यंत डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिल्या की बाईच्या हातात तेवढेच पडत. भामा सगळ्याच वस्तूंची किंमत अशी करी. लुगडं म्हणजे अकरा दिवस, चहाची पुडी म्हणजे एक सकाळ. ती बाटली म्हणजे अख्खा एक दिवस होता, मानेतल्या कळेसकट. तिने कमरेची पिशवी सोडली, पैसे मोजून दिले, आणि तुळशीराम बघत असतानाच गल्ल्यावरचा टाचण्यांचा एक कागद उचलून पिशवीत टाकला.

"हा कशाचा?" तुळशीराम म्हणाला.

"धुळीचा," भामा म्हणाली आणि पायरी उतरली.

हा एवढा खटाटोप कशासाठी, तर येत्या रविवारी शकूला बघायला पाहुणे येणार होते. शकू भामाची एकुलती लेक, अठरा सरून एकोणिसावं लागलेली. स्थळ दाजीने आणलं होतं. दाजी म्हणजे नवऱ्याचा चुलतभाऊ. सोयरिकी जुळवणं हा त्याचा धंदा नव्हता, पण दुसरा धंदाही नव्हता.

"करंज्याच्या बाजूची माणसं हाईत, वयनी," तो ओटीवर बसून सांगून गेला होता. "पोरगा मुंबईला गोदीत फिटर हाय. म्हयन्याच्या म्हयन्याला पगार. बाप नाय, आय हाय, सोनाबाई. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सोनाबाई माळकरी हाय, म्हावऱ्याचा वासबी चालत नाय. आणि मिठागराचं नाव काढू नका. पगारी लोकांना घरात बसणारी पोर लागते. अशी माणसं पयला हात बघतात."

म्हावरं काय, मासळी आठ दिवस आणायची नाही की झालं. पण हात? ते महिन्याभरात कुठून आणायचे?

भामाच्या आईने जन्म मिठात काढला. भामालाही मिठातच दिली. लग्नाच्या पाचव्या दिवशी ती हळदीच्या पायांनी इथल्या खाडीच्या मिठागरात उतरली, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. मिठाचं काम फार अवघड असतं असं नाही. ते फक्त संपत नाही. पाणी घ्यायचं, पाणी आटतं, मीठ धरतं, ते ओढायचं, टोपलीत भरायचं, राशीवर नेऊन टाकायचं, की पुन्हा पाणी. पायाला भेगा पडतात, भेगांत मीठ जातं, आणि नखं आधी पांढरी होतात, मग कडेने पापुद्र्यासारखी सुटायला लागतात. शकू चौदाव्या वर्षी आत उतरली तेव्हा भामा बांधावर बसून उगाच बराच वेळ टोपलीचा काठ विणत राहिली होती. शकूचा पाय मिठातून बाहेर पडावा, एवढं एकच तिला देवाकडे मागायचं होतं. जावई काळा असो की गोरा, बुटका असो की तिरळा, त्याचं तिला काही नव्हतं.

आता बाटली आणली खरी, पण लेकीच्या हाताला सरळ लावायला भामा काही वेडी नव्हती. माठ घेताना ती तो वाजवून घेई, तसा हा रंगही वाजवून घ्यायला हवा होता. त्या दिवशी मिठागरातून आल्यावर तिने विहिरीवर राखेने हात घासले, आणि डाव्या हाताच्या तीन बोटांना तो रंग लावला. एका नखाला एक हात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन.

शकू चुलीपाशी बसून बघत होती. "आये, वास कसला येतो गं? होडीला लावतात त्याच्यावाणी."

"होडीला लावलेलं पाण्यात टिकतं ना? मंग ह्येबी टिकंल."

"आणि नाय टिकलं तर?"

"तर तुळशीरामच्या दुकानाला लावून येईन. गप बस."

दुसऱ्या दिवशी ती तशीच मिठात उतरली. अकराच्या सुमाराला ऊन असं तापलं की पांढऱ्या मिठाकडे बघवेना. भामा वाकून मीठ ओढत होती, आणि त्या सगळ्या पांढऱ्यात तिच्या डाव्या हाताची तीन नखं लखलखत होती. शेजारच्या वाफ्यातल्या रंभाने कंबरेवर हात ठेवून हाक दिली.

"भामे! बोटं कापलीस का गं, का चांदीची बसवून घेतलीस?"

"नवऱ्यानं घडवलीत."

"बळीरामानं? त्यानं तुला कधी पितळेची अंगठी नाय घडवली!"

सगळ्या बाया हसल्या. भामाही हसली. बळीराम मिठाच्या पडावावर खलाशी होता. महिन्यातले वीस दिवस तो मुंबईच्या वाटेवर असे, आणि उरलेले दहा दिवस घरात असूनही सापडत नसे.

हसणं ओसरलं तरी भामाची नजर पुन्हा पुन्हा त्या बोटांकडे जात राहिली. एवढ्या वर्षांत आपला हात असा बघायची वेळच आली नव्हती. हात म्हणजे टोपली धरायची कडी. आता ती तीन बोटं कुणा परक्या बाईची असावीत तशी दिसत होती. बरी बाई असावी, दुपारची निजत असेल. भामाला त्या बाईचा हेवा वाटला नाही. हेवा करायलाही अंगात जोर लागतो.

परीक्षा तिने काही सोडली नाही. खाऱ्या पाण्यात दिवसभर हात घातला, रंग हलला नाही. शेण सारवलं, हलला नाही. शेवटी घासलेटात चिंधी बुडवून घासून पाहिलं, तरी ढिम्म. तिसऱ्या दिवशी एका नखाची कड टोपलीच्या वेताने थोडी उडाली, बाकी सगळं जिथल्या तिथे. भामाने मनाशी निकाल दिला: माल खरा आहे. एक हात पातळ दिसतो, तीन हात जाड होतात, दोन बरोबर. बाटलीत अजून वीस नखं तरी निघतील. एक दिवस वाया गेला नाही.

शनिवारी तिने भांडी तीनदा राखेने घासली. माळ्यावरचे सुके बोंबील गाठोडं बांधून रंभाच्या घरी पोचवले. चार कपबश्या मागून आणल्या. आणि संध्याकाळी शकूला समोर बसवून तिच्या हातांना करंजेल चोळलं. मिठात उतरण्याआधी करंजेल चोळायचं आणि मिठातून आल्यावरही चोळायचं, ही सगळ्याच मिठागरकऱ्यांची रीत. त्याने भेगा मिटतात. उद्या पाहुणे हात बघणार म्हणून भामाने त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट तेल जिरवलं. रविवारी सकाळी पुन्हा एकदा. मग पदराने नखं खसखसून पुसली आणि दहाही नखांना दोन-दोन हात दिले.

शकूने दोन्ही हात पुढे धरले. तिची बोटं लांब होती, हे भामाला त्या दिवशीच दिसलं.

"कसं दिसतंय?" शकू म्हणाली.

"सव्वा रुपयाचं दिसतंय," भामा म्हणाली आणि उठून आत गेली. थोडा वेळ तिला आतच बरं वाटलं. तिच्या स्वतःच्या नखांवरचा रंग काही केल्या निघाला नव्हता. तिने डावा हात पदराखाली घेतला आणि पाहुणे जाईपर्यंत तिथेच ठेवायचं ठरवलं.

पाहुणे चारच्या सुमाराला आले. उरणच्या एस्टीने पनवेलच्या स्टँडवर उतरून अर्धा तास चालत आले होते. पुढे दाजी, मागे पांढऱ्या शर्टातला मुलगा जगन, आणि सगळ्यांत मागे सोनाबाई, पन्नाशीची, उंच, गळ्यात तुळशीची माळ. ओटीची पायरी चढताना तिने खांबाला धरून एक पाय आधी वर घेतला, मग दुसरा. बळीरामाने चटई झटकली. बोलणी निघाली ती उन्हाची, एस्टीच्या गर्दीची, कोणाच्या लग्नात किती माणसं जेवली त्याची. भामाचं लक्ष कशात नव्हतं. ती आतल्या दाराकडे कान लावून होती.

शकू चहा घेऊन आली. डोक्यावरून पदर, हातात पत्र्याचं ताट, ताटात चार कप. दहा नखं अशी चमकली की दाजीसुद्धा बोलता बोलता थांबला. भामाला वाटलं, जमलं.

सोनाबाईला कप देताना शकूने कपाला वरून आधार दिला. चहा कढत होता, वाफ अंगठ्याला लागत होती. सोनाबाईने कप तोंडाशी नेला, थांबली, आणि खाली ठेवला.

"ह्ये काय हाय?" ती म्हणाली.

चहावर एक चंदेरी पातळ गोल तरंगत होता, कडेने किंचित वळलेला. खवल्यासारखा.

बळीराम पुटपुटला, "आठ दिस घरात म्हावरं नाय आणलं..." दाजीने कपाळ पुसलं. सोनाबाईने एक हात माळेवर ठेवला. ती रागावलेली दिसत नव्हती, पण तो हात माळेवरून खाली येत नव्हता.

भामाला एका क्षणात सगळं उमगलं. तिच्या नखांवर रंग टिकला, कारण तिची नखं मिठाने आणि राखेने कोरडी ठणठणीत झालेली होती. शकूची नखं तिने दोन दिवस तेलात मुरवली होती. तेलावर रंग कसा धरणार? बांगड्या विकणाऱ्या कासारणीलाही हे कळलं असतं, कळलं नाही ते मिठातल्या बाईला.

पण आता त्याचा काय उपयोग? गप्प राहिलं तर माळकरी बाईच्या चहात खवला घातला असं ठरणार, आणि त्यावर सोयरीक मोडली तर उरणपासून पनवेलपर्यंत नाव होणार. खरं सांगितलं तर रंग का लावला, ते सांगावं लागणार. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि मधे तो कप निवत होता.

भामाने पदराखालून डावा हात काढला.

"खवला नाय तो, बाय," ती म्हणाली. "नखाचा रंग हाय. तुमच्या माळेची आण. ह्यो बघा, माझ्यापण बोटांना हाय." आणि तिने तीन चंदेरी नखं पाहुण्यांच्या पुढे धरली. त्यातलं एक कडेला उडालेलं.

जगनला हसू आलं. त्याने ते चहात बुडवलं. दाजीने डोळे मिटून घेतले.

सोनाबाईने तो गोल बोटाने काढला, बशीवर ठेवून नखाने दाबून बघितला, आणि माळेवरचा हात खाली आणला. "खरंच की. केवढ्याला घेतला?"

"सव्वा रुपया."

"फसलीस तू." मग ती शकूकडे वळली. "इकडं ये गं पोरी. हात दे."

शकूने हात दिला. अंगठ्याचं नख आता उघडं होतं, पांढरं, मधोमध चिरलेलं. सोनाबाईने ते उजेडाकडे धरलं. मग बाकीच्या नखांवरचा रंग आपल्या अंगठ्याने एकेक करून ढकलला, आणि तो सालीसारखा अलगद निघत गेला.

"मिठात किती वर्सं?"

"पाच," शकू म्हणाली.

"टोपली एकटी उचलतेस का कुणी लावून देतं?"

"एकटी."

"दाजी," सोनाबाई म्हणाली, "तू तर म्हणालास पोर घरात बसून असते?"

दाजीने पुन्हा कपाळ पुसलं.

"अरे, आमाला जी पायजे तीच तू लपवलीस. आमचा मिठागरात वाटा हाय. नवरा गेल्यापासून मीच बघते. हा मुंबईला. बिऱ्हाडाला खोली मिळत नाय, गोदीतल्या आठ जणांत झोपतो. माझ्या गुडघ्यांनी आता जबाब दिला. मला चित्रातली सून घेऊन काय करायचं हाय?" तिने शकूचा हात सोडला नव्हता. "हात चांगले हाईत. आमाला पसंत हाय."

दाजीच्या अंगात जीव आला. बळीरामाने पहिल्यांदाच मान वर केली. सगळ्यांनी भामाकडे बघितलं, कारण गूळ आतून तिनेच आणायचा होता.

भामा बसल्या जागेवरून उठली नाही. पसंती मिळावी म्हणून तिने काय काय केलं होतं, आणि पसंती मिळाली ती नेमकी त्याच नखांना. मिठातून काढायला निघालेली लेक करंज्याच्या मिठात जाणार होती. फक्त एवढंच, की तिथे संध्याकाळी हातांना तेल चोळायला आई नसणार.

"नाय," ती म्हणाली.

"काय नाय?" दाजी म्हणाला.

"मिठात नाय द्यायची मला पोर. दुसरं कायपण सांगा. मीठ नाय."

सोनाबाईला बोल लागला होता, पण भांडायची ताकद तिच्यातही दिसत नव्हती. "मंग ती करंल काय, बाय? नखं रंगवंल?" एवढंच ती म्हणाली, आणि खांबाला धरून उठली. आधी एक पाय, मग दुसरा.

ते गेले. दाजी त्यांना स्टँडवर पोचवायला म्हणून निघाला, आणि निघता निघता दारात थांबून बोलून घेतलं. "वयनी, लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तुमी तोंड धुवायला गेलात. आता बघा दुसरं स्थळ. मी नाय येणार." बळीराम चटई गुंडाळून कुठेतरी नाहीसा झाला.

शकू मागच्या दारी कपबश्या विसळत बसली होती. भामा तिच्याजवळ जाऊन जमिनीवर टेकली. पाठीचा कणा आज टोपलीशिवाय दुखत होता.

"चुकलं माझं," भामा म्हणाली. "तेल लावायला नको व्हतं."

शकूने कप पालथा घातला. "पोरगा बरा व्हता, आये."

"कोण?"

"कोण म्हणजे? जगन. तू बघितलास तरी का?"

भामाने बघितला नव्हता. पांढरा शर्ट तेवढा आठवत होता. "तुला आवडला?"

"तू तीन नखं दाखवलीस ना, तेव्हा त्यानं हसू दिसू नये म्हणून कप तोंडाला लावला. दुसरा कोण असता तर खिदळला असता. आणि आय उठताना त्याचा हात मागं तयार व्हता. तिनं धरला नाय ती गोष्ट वेगळी."

"मंग तिथं बोललीस का नाय?"

"तू कुठं इचारलंस? कुणीच नाय इचारलं. माझी नखंच बघत व्हतात सगळी." शकूच्या बोलण्यात राग नव्हता. तिने शेवटची बशी धुतली, उन्हात धरून बघितली. "आये, मिठाचा कंटाळा तुला आलाय. मला अजून नाय आला. येईल तेव्हा येईल. पण तुझा कंटाळा मी आत्तापासून कशाला वाहू?"

असं कुणी भामाला आजवर बोललं नव्हतं. ती बराच वेळ उगाच जमिनीवर पडलेल्या राखेत बोट फिरवत राहिली. बावीस वर्षांचा आपला शीण आपण लेकीच्या डोक्यावर ठेवायला निघालो होतो, तोही तिच्या भल्यासाठी. वर चांदीचा रंग देऊन.

"उरणची एस्टी कवा हाय?" तिने विचारलं.

"साडेपाचची. का?"

भामा उठली, पदर खोचला आणि चालू लागली.

स्टँडवर पोचली तेव्हा जगन तिकिटांच्या रांगेत होता आणि दाजी त्याच्याच खिशातली तंबाखू मळत होता. सोनाबाई एकटीच बाकावर बसली होती, उजवा पाय लांब सोडून गुडघा दाबत. भामा तिच्या शेजारी जाऊन बसली. तिला धाप लागली होती.

"काय, रंगाचे पैसे मागायला आलीस?" सोनाबाई म्हणाली.

"पोरगी म्हणते पोरगा बरा हाय."

"बराच हाय. मी काय वाईट वाढवलाय?"

"मिठात येईल ती. पण माझी एक अट हाय."

"पोरीच्या देजाचे पैसे वाढवून पायजे असतील तर दाजीशी बोल."

"देज नको. बूट पायजेत."

"काय?"

"रबराचे बूट. गुडघ्यापर्यंत येतात ते. मिठाचा सायेब तपासायला येतो तेव्हा त्याच्या पायात असतात. तो घटकाभर बांधावर उभा राहतो तर त्याला लागतात, आणि आमी दिवसभर आत असतो तर आमाला नाय? बुटांबिगर माझी पोर तुमच्या मिठात पाय घालणार नाय."

सोनाबाईने आपल्या पायांकडे बघितलं. टाचांच्या भेगा इतक्या जुन्या होत्या की त्यांच्यात माती नव्हती, नुसता पांढरा थर होता. "बूट घालून मिठात उतरलेली बाई मी जन्मात नाय बघितली," ती म्हणाली. "लोक हसतील."

"हसू दे. मी तीन दिस हसवलंय लोकांना, मेले नाय मी."

"मिठात टिकतं का रबर? मीठ सगळं खातं."

"कुणाला ठावं? घालून बघितल्याबिगर कसं कळणार?"

"पडतात केवढ्याला?"

"त्ये पण नाय ठावं."

उरणची एस्टी आली, धूळ उडवत स्टँडात वळली. जगन तिकिटं घेऊन धावत आला. सोनाबाईने हात वर करून त्याला थांबवलं. "पुढली कवा हाय रे?"

"सातला. पण तिकिटं काढलीत, आये."

"बदलून घे. आमाला बाजारात काम हाय."

तिने उठण्यासाठी हात पुढे केला. भामाने तो धरला. दोन्ही हात सारखेच खरखरीत होते, एकमेकांत चांगले बसले. बाजाराकडे जाणारा रस्ता थोडा चढाचा होता, म्हणून दोघी सावकाश चालल्या.

"माप कुणाचं सांगायचं?" सोनाबाईने विचारलं.

"शकूचं. माझ्यापेक्षा बोटभर मोठा पाय हाय तिचा," भामा म्हणाली. मग काही पावलं गेल्यावर ती थांबली आणि खाली बघून म्हणाली, "तुमचा पण पाय इकडं करा बघू. एका जोडाला चाललोच हाय, तर दोन जोडांचा भाव इचारून ठेवू."